उतरतानाही तेवढंच

स्कार्वनेसची धावपट्टी आठशे मीटर.
एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला
कॉड सुकवायच्या लाकडी मांडण्या.
मधल्या पत्र्याच्या खोलीत
मी माणसं तोलते.

लाजू नका, म्हणते, बूट घालूनच उभे राहा,
विमान तुम्हाला काही अनवाणी नेणार नाही.
नऊ जागा, नऊ आकडे,
पेन्सिलीनं लिहिलेले,
कारण खोडावे लागतात.

पूर्वी केरोसीन होतं.
माझ्या बाह्यांना, केसांना,
रविवारच्या पावालासुद्धा त्याचा वास.
पण ते शिदोरीसारखं.
वाटेत खात जायचं, गाठोडं हलकं होत जायचं,
आणि विमान हामरफेस्टला टेकायचं
जेवून हात धुतलेल्या पाहुण्यासारखं, मोकळं.

बॅटरीचं तसं नाही.
आतलं सगळं सरलं तरी
ती मासाभर उतरत नाही.
रिकामी घागर
भरल्या घागरीइतकीच जड.
जे घेऊन उडालो तेच घेऊन उतरायचं,
हे चाकांना कळतं, डांबराला कळतं,
टूरस्टाइन वैमानिकाच्या कमरेला तर रोज.

कागदावर अडीचशे किलोमीटर.
त्यातून थंडीचे वजा करा,
उणे एकोणीसला ती हातचं राखूनच देते.
तिसऱ्या हिवाळ्यातली झीज वजा करा.
धुकं आलं तर घिरट्यांसाठी अर्धा तास,
ती ठेव, मोडायची नाही.
उरतं ते हामरफेस्टपर्यंत,
आणि वर एखादी शिंक.

चार्जर लावला की गाव ओळखतं.
हल्दिसच्या भट्टीतला पाव बसतो.
म्हणून ठरलंय, पाचपर्यंत पाव,
मग विमान.

त्या मंगळवारी समोरून वारा होता.
जानेवारी, म्हणजे दिवस असा
दोन तासांचा निळसर उजेड.
गुडनीबाई शिवणयंत्र घेऊन आल्या,
बिडाचं, सतरा किलो,
नातीला आज, आजच द्यायचंय.
ओड्वार आला, शनिवारपासून सुजलेला,
आठवड्यातून तीनदा जातो रक्त धुवून घ्यायला.
आणि ओस्लोहून कंपनीचे फ्रेडरिक,
मार्ग परवडतो का ते बघायला,
पेटीभर आलेख घेऊन.

बेरीज केली. पुन्हा केली.
एकोणऐंशी किलो जास्त.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना.
गुडनीबाईंनी यंत्रावरचं फडकं नीट केलं.
ओड्वार म्हणाला, अगदी सहज,
परतताना मी तीन किलो कमी असतो.
या मार्गावर हलका होऊन येणारा
मी एकटाच.

कुणी हसलं नाही. मग टूरस्टाइन हसला.
मग सगळेच.

फ्रेडरिक स्वतःच उठले.
चौऱ्याऐंशी किलो, पेटीसकट ब्याण्णव.
मी पेन्सिलीनं त्यांना खोडलं.
ते खिडकीशी उभे राहिले, कॉफीचा कप धरून,
आणि आपलंच विमान
पहिल्यांदा बाहेरून बघितलं,
आवाज इतका कमी
की मांडण्यांखालच्या कुत्र्यानं
मान वर केली नाही.

मग आम्ही रेडिओपाशी बसलो.
त्यांच्या आलेखांत या चाळीस मिनिटांना
एक रेघ होती, सरळ, उतरती.
त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं.
मी कॉफी परत गरम केली.
टूरस्टाइनचा आवाज आला,
टेकलो, एकतीस टक्के, धुकं नाही.
फ्रेडरिकनी कुठेच काही लिहिलं नाही.
मला विचारलं, रोज असंच बसता?
म्हटलं, नाही. रविवारी विमान नसतं.

संध्याकाळी ओड्वार परतला,
कोट ढगळ, चेहरा कागदासारखा,
आणि कुणी न सांगता
काट्यावर उभा राहिला.
दोन किलो आठशे कमी.
बघ, म्हणाला.

लिहून घेतलं.
मग हातमोजे चढवून, गारठून ताठलेली केबल ओढत
विमानाकडे निघाले.
बॅटरीचं वजन आम्ही
पुन्हा करत नाही.